वर्ण : निमगोरा

आमच्या आणि मावशींच्या अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. दौलताबादच्या निम्म्या बातम्या या भिंतीवरून ये-जा करतात आणि सीताफळाच्या दिवसांत बातमीसोबत दोन-चार सीताफळंही येतात. परवा मात्र मावशींनी टोपलीआधी एक कागद पुढं केला.

“ताई, तुम्ही शाळेत शिकवता. जरा वाचून बघा, कुठं काही चुकलंय का. आमच्या पोरीचा बायोडाटा हाय. आजच छापून आणलाय.”

वर गणपती. खाली नातीचं नाव, जन्मवेळ, रास, नाडी, उंची पाच फूट सात इंच, शिक्षण बी.एस्सी. आणि त्याखाली एक ओळ, ‘वर्ण : निमगोरा’.

मी मान वर केली. नात पलीकडं दोरीवर धुणं वाळत घालत होती. ऊन थेट तोंडावर. निम्मी गोरी कुठून धरायची, ते मला कळेना.

“मावशी, निमगोरा?”

मावशींनी आवाज उतरवला. “सावळी लिवलं की फोनच येत न्हाई, ताई. मी म्हणलं व्हतं, ‘सावळी पण नाकीडोळी नीटस’ असं लिवा. तर तिचा बाप म्हणला, ते ‘पण’ वाचलं की लोक पुढचं वाचत न्हाईत.”

बाप चुकीचं बोलला नव्हता. आपल्याकडं सावळीच्या मागं ‘पण’ येतोच. सावळी पण तरतरीत, सावळी पण शिकलेली. गोरीच्या मागं कधी ऐकलाय?

मग मी फोटो पाहिला. फोटोवाल्यानं कॉम्प्युटरवर चेहरा इतका उजळला होता, की पोरीला तोंडाच्या बाजूनं पिठात बुचकळल्यासारखं वाटत होतं. पण गडी कानाच्या पाळीपाशी थांबला आणि पदर धरलेला हात तर विसरलाच. तोंड एकीचं, हात दुसरीचा.

“हा हात कुणाचा?”

“पोरीचाच की!”

“आणि तोंड?”

मावशी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मी म्हटलं, “लंडनला याच्या उलट झालं होतं बघा. तिथं हातानं तोंड झाकलं.”

“कुणाचं?”

“डोन्येल लूना म्हणून होती एक. अमेरिकेतल्या डेट्रॉइटची, काळी. व्होग नावाचं मोठं फॅशनचं मासिक आहे, त्याच्या ब्रिटिश आवृत्तीनं मार्च 1966 च्या अंकावर तिला घेतलं. मुखपृष्ठावर आलेली पहिली काळी बाई. फोटो काढला डेव्हिड बेलीनं. तर त्यात तिचा हात तोंडावर, आणि दोन बोटांच्या बेचक्यातून एक डोळा तेवढा दिसतो. नाक, ओठ सगळं हाताआड. बाई काळी आहे हे घेणाऱ्याला चटकन कळू नये म्हणून तसं केलं, असं अजून बोलतात लोक.”

“म्हंजी घुंगटच झाला की.” मावशींनी एक सीताफळ फोडून अर्धं माझ्या हातावर ठेवलं. “लपवायचीच व्हती तर छापली कामून?”

मी गेली कित्येक वर्षं शिकवते आहे, पण इतका नेमका प्रश्न वर्गात कुणी विचारला नाही.

“आणि अमेरिकेतल्या व्होगला तर आणखी वेळ लागला. ते मासिक 1892 पासून निघतं. त्यावर पहिली काळी बाई आली ऑगस्ट 1974 मध्ये, बेव्हर्ली जॉन्सन. तिचं तोंड मात्र पूर्ण दिसतं.”

“ब्याऐंशी वर्सं!” मावशींचा हिशोब माझ्यापेक्षा पक्का. “ब्याऐंशी वर्सांत एकबी सापडली न्हाई व्हय त्यांना? बरं, ते गोऱ्यांचं झालं. आपल्यातली कुणी गेली का न्हाई तिकडं?”

“गेली ना. उज्ज्वला राऊत.”

“राऊत? म्हंजी मराठीच की!”

“मराठीच. मुंबईची. 1996 साली ‘फेमिना लुक ऑफ द इयर’ जिंकली, तेव्हा तुमच्या नातीपेक्षाही लहान होती. तिथून परदेशात गेली. रंग तुमच्या नातीसारखाच, उंची थोडी जास्त. त्या काळात तिकडच्या रॅम्पवर आणि मासिकांत आपल्याकडचा चेहरा फारसा दिसत नसे. तिनं पॅरिस, मिलान, न्यूयॉर्क सगळीकडं काम केलं. 2002 आणि 2003 ला तर व्हिक्टोरियाज सिक्रेटच्या शोमध्ये चालली.”

“ते कशाची कंपनी?”

मी सीताफळाची बी शोधल्यासारखं केलं. “कपड्यांचीच.”

“काकू!” धुण्यामागून नात फिसकन हसली. आजीनं तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि विषय तिथंच ठेवला. मावशी तशा समजूतदार.

“तिच्याआधी मधू सप्रे होती,” मी गाडी पुढं काढली. “तीही मराठी, तीही सावळी. खेळाडू पोरगी. 1992 ला बँकॉकला मिस युनिव्हर्सच्या शेवटच्या तिघींत होती. तिला विचारलं, देशाची पुढारी झालीस तर काय करशील? ही म्हणाली, खेळाचं मोठं स्टेडियम बांधीन. तिसरी आली. त्या उत्तरानंच मुकुट गेला म्हणतात.”

“त्यात काय चुकलं तिचं? खेळणारी पोरगी मैदानच मागणार. मंदिर मागंल का?”

तोवर नात रिकामी बादली घेऊन भिंतीपाशी आली होती. “आजी, लग्न जुळवायच्या साइटवर पण आधी रंगाचा रकाना असायचा. गोरी हवी, गव्हाळ हवी, निवडायचं. 2020 मध्ये अमेरिकेतल्या आपल्याच बायकांनी अर्ज केला, सह्या गोळा केल्या, आणि शादी डॉट कॉमनं तो रकाना काढून टाकला. त्याच वर्षी फेअर अँड लव्हलीनं नाव बदललं.”

“क्रीम बदललं?”

“नाव बदललं.”

“हां,” मावशी म्हणाल्या. त्या ‘हां’मध्ये सगळं आलं.

मग त्या जरा गप्प बसल्या. मावशींचे यजमान किल्ल्यावर गाइड होते. तीस वर्षं लोकांना अंधारी दाखवली, खंदक दाखवला, मेंढा तोफ दाखवली. घरी आल्यावर तेच सगळं पुन्हा मावशींना ऐकवायचे, त्यामुळं किल्ला मावशींना पायऱ्यांसकट पाठ.

“ताई, वेरूळच्या रस्त्याला ती तटाची वेस हाय ना, जिथं यष्टी अडकती? तो अंबरकोट. मलिक अंबराच्या नावाचा, असं आमचे हे सांगायचे. तो तर काळाकुळकुळीत हबशी व्हता. लहानपणी आईबापापासून तुटला, बाजारात इकला गेला, एकदा न्हाई, लई डाव. आन् त्यानंच हितं बसून राज्य चालवलं.”

मावशी बरोबर सांगत होत्या. इथिओपियात जन्मलेला गुलाम निजामशाहीचा वजीर झाला. त्यानं 1610 च्या सुमाराला खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. शहराला नहरीनं पाणी दिलं आणि मरेपर्यंत, म्हणजे 1626 पर्यंत, मुघलांना दख्खन सुखानं गिळू दिली नाही. शहाजीराजे भातवडीला त्याच्याच बाजूनं लढले. त्याची कबर इथून जवळच, खुलताबादला आहे.

“त्याचंही एक चित्र आहे मावशी. जहांगीर बादशहाला तो काही हाती लागेना. आठवणी लिहिताना बादशहा त्याला रंगावरून शिव्या द्यायचा. शेवटी अबुल हसन नावाच्या चित्रकारानं चित्र काढलं : बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, भाल्यावर अंबराचं मुंडकं खोचलंय, आणि बादशहा त्याला बाण मारतोय.”

“मग मारला का खराच?”

“कुठला! चित्र काढल्यावर अंबर आणखी दहाएक वर्षं जगला. म्हातारा होऊन गेला.”

मावशींना ते फार आवडलं. “म्हंजी चित्रात मारला. जसा आमच्या फोटोवाल्यानं पोरीला फोटोत गोरी केली.”

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, नातीकडं दिला. “खोड गं ती वळ. आन् फोटो पण दुसरा लाव, किल्ल्यावर काढलेला. त्यात हात आन् तोंड एकाच पोरीचं हाय.”

नातीनं माझ्याच पेनानं ओळ खोडली. दोनदा, चांगली दाबून.

आठवड्यानं मी भिंतीपाशी उभी होते तेव्हा मावशींचा फोन वाजला. पैठणकडचं स्थळ होतं. शिक्षण झालं, शेती झाली, मामेकुळ झालं, आणि मग तिकडून तो प्रश्न आला असावा.

“सावळी हाय,” मावशी म्हणाल्या. मी कान टवकारले. ‘पण’ आला नाही. मावशींनी नुसता श्वास घेतला आणि विचारलं, “आन् तुमच्या पोराचा रंग कसा हाय?”

पलीकडं बराच वेळ कुणी बोललं नाही. त्या घरात हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नसावा. मावशींनी फोन कानाला तसाच धरून ठेवला आणि मोकळ्या हातानं भिंतीवरून दोन सीताफळं माझ्याकडं सरकवली.