संग्रहालय न बघता कसं चालवावं: नूतन अध्यक्षांसाठी मार्गदर्शन

प्रथम अभिनंदन. आपली निवड एकमताने झाली आहे. म्हणजे मागचे अध्यक्ष मुलाकडे पुण्याला राहायला गेले, उपाध्यक्षांचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि सभेला हजर असलेल्यांत 'नको' म्हणायला आपल्याला अंमळ उशीर झाला. तालुक्याच्या संग्रहालयाचे आपण आता अध्यक्ष. मानधन नाही, प्रवासखर्च नाही आणि वार्षिक सभेचा चहाही बहुधा आपल्याच खिशातून. मोबदल्यात लेटरहेडवर नाव येतं. पहिलं काम म्हणून ते छापून घ्यावं.

कायद्याला घाबरू नये. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. मागच्या दोन-तीन कार्यकारिणींचे रिपोर्ट अजून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात पडून असण्याची शक्यता दांडगी आहे. म्हणजे सरकारी दप्तरात संस्थेचे विश्वस्त अद्याप तेच, ज्यांच्या तसबिरींना आपण वर्धापनदिनी हार घालतो. ही अडचण समजू नये, हे भांडवल आहे. काहीही करायची वेळ आली की 'चेंज रिपोर्ट मंजूर होऊ द्या, बँक सह्या बदलून देत नाही' एवढं म्हणावं. वाक्य खरं असल्यामुळे कोणी वाद घालत नाही.

सभेचंही तसंच. नोटिशीच्या तळाशी एक तळटीप असते: गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल व तिला गणसंख्येची अट राहणार नाही. अनुभवी सभासद ही टीप वाचूनच घरून निघतात. पहिल्या अर्ध्या तासात बटाटेवडे उरकावेत, दुसऱ्यात ठराव. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करताना कोणाची डुलकी मोडू देऊ नये.

आता खरा धोका. संग्रहालयात अशी एक वस्तू असते, जिच्यापासून अध्यक्षांनी चार हात लांब राहावं. ती म्हणजे नोंदवही. लाल कापडी पुठ्ठ्याची, कडा कसरीने खाल्लेली, गोदरेजच्या कपाटात पावतीपुस्तकांच्या खाली. तिच्यात प्रत्येक वस्तूचा क्रमांक, ती कोणी दिली, कुठे सापडली, मोजमाप काय, अवस्था कशी, असे रकाने असतात. वही उघडली की वस्तू मोजाव्याशा वाटतात आणि मोजल्या की कमी भरतात. मग नजर 'शेरा' या रकान्यावर जाते. तिथे 'शोभायात्रेसाठी नेली' असं लिहिलेलं असतं. कोणी, कुठल्या सालच्या, ते नसतं.

एक नोंद उदाहरणादाखल घेऊ. 'तलवार, नग एक, मूठ सैल, पातं गंजलेलं.' बस. हीच तलवार काचेच्या कपाटात 'शिवकालीन तलवार' असते. वहीतून कपाटापर्यंतच्या वीस पावलांत तिने जी उन्नती साधली, तिला तोड नाही. एखादी अभ्यासक मुलगी मोबाइलच्या उजेडात पात्यावरची परदेशी अक्षरं वाचेल आणि सांगेल की ही फिरंग दिसते. युरोपातून आलेली पाती आपल्याकडच्या मुठींना बसवत असत, तेव्हा काळ तपासायला हवा. ही गोष्ट 'शिवकालीन'पेक्षा कितीतरी रंगतदार आहे, म्हणूनच ती पाटीवर येता कामा नये. मुलीला चहा द्यावा, अभिप्रायवहीत चार ओळी लिहून घ्याव्यात. पाटी आमदारसाहेबांच्या हस्ते लागलेली आहे.

देणग्यांबाबत थोडं सविस्तर सांगायला हवं. गावातला वाडा पाडायला निघाला की आपला फोन वाजतो. पानदान, अडकित्ता, कर्णा हरवलेला ग्रामोफोन आणि रुमालात बांधलेले मोडी कागद, असं सगळं एका टेम्पोतून येतं. घरच्यांना नको असलेली वस्तू इतिहासाला हवीच असते, अशी दात्यांची श्रद्धा आहे. ती मोडू नये. दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेला संग्रह १९७५ साली राज्य सरकारला देऊन टाकला आणि संग्रहालयावर नाव ठेवलं ते लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं. तसा दाता आपल्या वाट्याला येणार नाही. आपला दाता अडकित्ता देईल आणि त्याच्यापेक्षा मोठी संगमरवरी पाटी मागेल. द्यावी. अडकित्ता पाटीमागे ठेवला तरी चालतो.

कागद मात्र नाजूक प्रकरण. झेरॉक्सच्या दुकानातून मोडी पत्रं लॅमिनेट करून आणणारा उत्साही सहचिटणीस प्रत्येक मंडळात एक असतोच. त्या उष्णतेने आणि डिंकाने कागदाचं जे होतं ते परत उलटवता येत नाही, असं तज्ज्ञ सांगतात. तज्ज्ञ असंही सांगतात की जुन्या कागदावर, कापडावर, जलरंगातल्या चित्रावर साधारण ५० लक्सपेक्षा जास्त उजेड नसावा. आपल्याकडे चित्रांच्या दालनात देणगीदाखल मिळालेल्या ट्यूबलाइट आहेत. त्या काढल्या तर देणगीदाराला काय तोंड दाखवणार? चित्रं फिकी पडली तर निदान जुनी तरी दिसतात.

गळतीमुळे एखादं दालन बंद ठेवावं लागलं, तर 'नूतनीकरणाचे काम चालू आहे' असा फलक लावावा आणि भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा दाखला द्यावा. तेही दुरुस्तीसाठी काही वर्षं बंदच होतं. तिथे खरोखर दुरुस्ती झाली, २००५ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ साली दारं पुन्हा उघडली, हा तपशील कोणी विचारल्याशिवाय सांगू नये.

जागा बाजारपेठेत असेल तर बिल्डर येईलच: खाली गाळे, वर संग्रहालय. कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय जागा विकता येत नाही, एवढं सांगून पेढे ठेवून घ्यावेत.

राहता राहिले मामा. संस्थेत काम करणारा एवढा एकच माणूस. शिपाई, रखवालदार, तिकीटवाले तेच आणि शाळेची सहल आली की मार्गदर्शकही तेच. पावसाळ्यात कुठल्या मूर्तीजवळ बादली ठेवायची, कुठल्या कपाटाला वाळवी आहे, शोभायात्रेला गेलेली ती वस्तू सध्या कोणाच्या दिवाणखान्यात आहे, सगळं त्यांना ठाऊक. म्हणूनच त्यांना बैठकीत बसवू नये. चहा आत आणून द्यायला सांगावा. त्यांच्या पगारवाढीचा विषय 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' यात ठेवावा. त्या विषयापर्यंत आजवर एकही सभा पोचलेली नाही. १८ मेला, जागतिक संग्रहालय दिनी, त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा. शाल संस्थेच्याच साठ्यातली चालते, फक्त तिला नोंदक्रमांक नाही ना, एवढं पाहून घ्यावं.

मुदत संपली की सल्लागार व्हावं. नव्या अध्यक्षांच्या हाती किल्ल्यांचा जुडगा समारंभपूर्वक सोपवावा, फोटो काढावा. कोणती किल्ली कशाची असं त्यांनी विचारलंच, तर मामांना विचारा म्हणावं. मामा मार्चमध्ये निवृत्त झाले, हे त्यांना तिथे गेल्यावर कळेलच.