फॉरवर्डवाल्या काकांस अनावृत पत्र

तीर्थरूप काकांस,
कृ. सा. न. वि. वि.

‘आतड्याची सूज कायमची गायब! रोज उपाशीपोटी दोन चमचे साजूक तूप, गोळ्या बंद!!’ हा आपला संदेश उगवत्या सूर्याच्या फोटोसकट पावला. घरातल्या धाकट्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाल्यापासून आपण वैद्यकात जी गरुडझेप घेतलीत, तिला तोड नाही. उगीच जन्मभर हिशेबाच्या वह्या तपासत बसलात.

आपलं शास्त्र असं: तुपात ब्युटिरिक आम्ल असतं, मोठ्या आतड्याच्या पेशींचं मुख्य इंधन तेच, म्हणून तूप प्या. यातलं पहिलं खरं, दुसरंही खरं. म्हणूनच माणूस तिसऱ्याला फसतो. तुपातलं हे आम्ल जेमतेम 3-4 टक्के, आणि तेही वरच्या वरच शोषलं जातं. मोठ्या आतड्याला लागणारं ब्युटिरेट तिथलेच जिवाणू बनवतात, आपल्याला न पचलेल्या तंतूंपासून. म्हणजे भाकरी, उसळी, गवार. गवार दिसली की आपण ताट सरकवता, ते असो.

शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2012 साली ‘नेचर’मध्ये उंदरांवरचा प्रयोग मांडला. दुधातल्या स्निग्धांशाने पित्ताची घडण बदलली, त्यातलं गंधक बिलोफिला वाड्सवर्थिया नावाच्या जिवाणूला चांगलंच मानवलं, आणि ज्या उंदरांची प्रकृतीच सुजेची, त्यांचा कोलायटिस बळावला. निरोगी उंदीर बचावले. करडईच्या तेलावरच्यांचंही तसं झालं नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, कबूल. पण आपला पुरावा तर सूर्याचा फोटो आहे!

आता करडईचा फॉरवर्ड लिहायला घेऊ नका. युरोपात दोन लाखांवर लोकांची पाहणी झाली (2009). करडई-सूर्यफुलात भरपूर असणारं लिनोलेइक आम्ल ज्यांच्या पोटात सर्वाधिक गेलं, त्यांच्यात याच आजाराचा धोका दुपटीहून जास्त दिसला. तेलानेच झाला, असं त्यावरून सिद्ध होत नाही. पण तेल निर्दोष सुटलं असंही नाही. माशाच्या तेलाचं म्हणाल, तर 2008 साली छापलेल्या दोन मोठ्या चाचण्यांत ओमेगा-3च्या कॅप्सूल देऊनही क्रोन्सचा आजार (हाही आतड्याच्या सुजेचाच) उलटायचा थांबला नाही.

आपलं ऐकून धाकट्याने गोळ्या सोडल्या. रक्त पडू लागलं, आता स्टेरॉइड चालू आहेत. वरणभातावर चमचाभर तूप त्याला खुशाल वाढा, कोणी हात धरलेला नाही. गोळ्यांचं मात्र त्याच्या डॉक्टरांना ठरवू द्या.

आपला पुतण्या