अंड्यांच्या पैशातली मास्तरीणबाई

— काकू, काल अकरा वाजून गेले तरी तुमचा दिवा चालू! बरं आहे ना सगळं?

— अगं, पुस्तक हाती लागलंय. जेसिका मिटफर्डचं. इंग्लंडातल्या लॉर्ड रीड्सडेलची मुलगी. सात भावंडं. सहा बहिणी नि एकच भाऊ, टॉम. आता सांग, धडपणे शाळेत कोण गेलं असेल?

— टॉम. हे काय विचारणं झालं?

— ईटनला! आणि पोरी घरी. आधी आई स्वतः शिकवायची, मग गव्हर्नेस. एक आली, दुसरी गेली, पोरींनी एकेकीला जेरीस आणलं. बरं, त्यांचा पगार कशातून? आईसाहेब कोंबड्या पाळायच्या, अंडी विकायच्या, त्यातून!

— लॉर्डाच्या घरी अंड्यांचा हिशोब?

— बडा घर, पोकळ वासा. बॅट्सफर्डचा मोठा वाडा 1919 मध्ये विकला. मग ॲस्टॉल. मग बापानं हौसेनं स्विनब्रूकला घर बांधलं, तर ते इतकं गार की पोरी चादरी-टॉवेलच्या कपाटात जाऊन बसायच्या. गरम पाण्याचे नळ तिथून जात होते ना! तिथंच यांचं गुप्त मंडळ, ‘हॉन्स’.

— म्हणजे लॉर्डाच्या पोरांना लावतात त्या ‘ऑनरेबल’मधलं?

— सगळ्यांना तसंच वाटतं. जेसिका म्हणते, छे, ‘हेन’वरून. कोंबडीवरून!

— अहो, पण त्या मास्तरणी शिकवायच्या तरी काय?

— एक तर दुकानातून वस्तू कशी लांबवायची ते! हसू नकोस, जेसिकानंच लिहिलंय. पण तिला खरंच शिकायचं होतं गं. शास्त्रज्ञ व्हायचं डोक्यात. एक दिवस सायकल काढली, एकटी बर्फर्डच्या शाळेत गेली, हेडमास्तरांना भेटली. ते म्हणाले, परीक्षा दे, घेतो. ही उड्या मारत घरी. आई म्हणाली, नाही.

— पैसे नव्हते?

— पैशांचं कुठलं! म्हणे, शाळेतल्या मैत्रिणींना घरी चहाला बोलवावं लागेल. हे मात्र मला झोंबलं बाई. चहाच्या कपापायी पोरीची शाळा बुडवायची!

— मग?

— मग पोरीनं ड्रमंड्स बँकेत खातं उघडलं. कशाचं? घरातून पळून जाण्याचं! खाऊचे पैसे साठवत राहिली. आणि 1937 मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, गेली की खरंच! चर्चिलच्या बायकोचा भाचा एझमंड रॉमिली, त्याच्याबरोबर थेट स्पेनच्या लढाईत.

— अगंबाई! आणि बाकीच्या?

— ते वेगळंच रामायण. युनिटी हिटलरच्या नादी लागलेली, ही लेनिनच्या. दोघींची एकच खोली, नि काचेवर हिऱ्याच्या अंगठीनं एकीनं स्वस्तिक कोरलं, दुसरीनं विळा-हातोडा.

— आई-बापांनी कुणाकडे बघायचं मग!

— बाप म्हणे जन्मात एकच कादंबरी वाचलेला. आईचा बाप मात्र ‘व्हॅनिटी फेअर’ मासिक काढणारा. लेखणी आजोबांकडून आली असणार, मला तरी तसंच वाटतं. थोरली नॅन्सी 1945 मध्ये ‘द परस्यूट ऑफ लव्ह’ लिहून मोकळी झाली, त्यात बापाचंच सोंग काढलंय. जेसिकाचं हे पुस्तक 1960 चं.

— काकू, सगळं खरं असेल?

— तिखटमीठ आहेच. नॅन्सीला सोळाव्या वर्षी थोडे दिवस शाळेत घातलं होतं. युनिटीलाही घातलं, तिला शाळेनंच घालवून दिलं. आणि धाकटी डेबोरा! तिला शाळेत टाकलं तर तिला ती सोसेना, लगेच परत. तिच्या मते आईचं काहीच चुकलं नाही.

— एका घरात दोन तऱ्हा!

— ती पुढे डेव्हनशायरची डचेस झाली. चॅट्सवर्थचा तो अवाढव्य राजवाडा सांभाळला. आणि आवडीनं काय पाळलं असेल तिनं तिथं?

— कुत्री? घोडे?

— कोंबड्या!