रागाला सगळं दिसतं

राग आंधळा असतो असं म्हणणाऱ्यांना माझा राग कधी भेटलेला नसावा. माझ्या रागाची नजर इतकी तेज आहे की समोरच्या माणसाचा हुद्दा, दंडाचा घेर आणि वरपर्यंत असलेल्या ओळखी तो एका क्षणात टिपतो, आणि मगच यायचं की नाही ते ठरवतो.

परवा कर्वे रस्त्यावर एकाने डावीकडून गाडी घुसवली. तळपायाची आग मस्तकात गेली. सिग्नलला त्याच्या शेजारी गाडी लावून मी काच खाली केली आणि तोंड उघडलं. त्यानेही काच खाली केली. गृहस्थाला मान अशी नव्हतीच, डोकं थेट खांद्यांवर बसवलेलं होतं. मनगटात सोन्याचं कडं, मागच्या काचेवर कुठल्याशा युवा मंचाचं स्टिकर.

"काय?" त्याने विचारलं.

"काही नाही, तुमचं मागचं दार नीट लागलेलं नाही वाटतं."

त्याने उतरून दार उघडलं, पुन्हा लावलं आणि "थँक्यू काका" म्हणून निघून गेला. 'काका' म्हटल्याचा राग मला सोसायटीपर्यंत पुरला. तिथे वॉचमनने गेट उघडायला जरा उशीर केला, तर त्याच्यावर मी जो कडाडलो, तो तिसऱ्या मजल्यावर ऐकू गेला म्हणे. वड्याचं तेल वांग्यावर काढताना वांगं कुठलं निवडायचं, यात माझा हात कोणी धरणार नाही.

उगाच लोक तापट माणसाला दुर्वास म्हणतात. दुर्वासांनी दिलेली माळ इंद्राने ऐरावताला घातली, ऐरावताने ती पायदळी तुडवली, तर दुर्वासांनी शाप कोणाला दिला? माहुताला नाही, थेट इंद्राला! पुढे त्यापायी देवांना समुद्रमंथन करावं लागलं. रागावायचं तर असं, वरच्या दिशेने. आमच्याकडे साहेबाने झापलं की शिपाई चहा गार आणतो म्हणून आम्ही पिसाळतो.

हे घराण्यातच असावं. आमचे आप्पा जमदग्नी म्हणून पंचक्रोशीत प्रसिद्ध होते. आमटीत मीठ कमी पडलं की ताट भिरकावायचे. ते चपला काढून घरात पाऊल टाकायचे त्या आवाजावरून आम्ही भावंडं कुठल्या खोलीत बसायचं ते ठरवत असू. ते गेल्यावर पुष्कळ वर्षांनी आई एकदा लसूण सोलता सोलता म्हणाली, "ताट फेकायचे खरे, पण नेहमी स्टीलचं. काचेची बशी कधी फेकली नाही त्यांनी. आणि श्रीखंड असलं की ताट जागचं हलत नसे." पुढची पाकळी सोलून होईपर्यंत ती थांबली. "भिंतसुद्धा बघून फेकायचे हो. रंग दिलेली भिंत कधी खराब केली नाही." ज्या रागाला आम्ही जन्मभर चळचळा कापलो, त्याच्याकडे घरातल्या भांड्यांचे भाव पाठ होते!

या विषयातला सर्वात मोठा पुरावा मात्र प्रत्येकाच्या खिशात असतो. नवराबायकोचं भांडण ऐन रंगात आलंय, आवाज टिपेला पोचलाय, "तुझ्या माहेरच्यांनी" इथपर्यंत वाक्य आलंय, आणि फोन वाजतो. "हॅलो! नमस्कार, नमस्कार, बोला साहेब. छे छे, कसला डिस्टर्ब! निवांतच बसलोय." हा आवाज कुठून येतो? कपाळावरची शीर अजून तटतटलेली, कान लाल, आणि जिभेवर मध. फोन ठेवला की "तुझ्या माहेरच्यांनी" च्या पुढचाच शब्द बरोब्बर उच्चारला जातो. मधला एक शब्दही गळत नाही. आणि हाच माणूस नंतर सांगतो की रागाच्या भरात मला भान राहत नाही.

शरीराचं म्हणाल तर ते बिचारं प्रामाणिक असतं. मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या इवल्याशा ग्रंथी अ‍ॅड्रेनलीन सोडतात, छाती धडधडते, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे धावतं. वॉल्टर कॅनन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९१५ सालच्या पुस्तकात हे सविस्तर मांडलं: संकट दिसलं की देह एकतर लढायच्या किंवा पळायच्या तयारीला लागतो. त्या सिग्नलवर माझी दोन्ही तयारी झाली होती. पुढे बस उभी होती म्हणून पळता आलं नाही, इतकंच.

उपाय सांगणारे कमी नाहीत. दहा आकडे मोजा म्हणतात. मी मोजतो. पण सातापर्यंत पोचेस्तोवर मला त्याच माणसाची आणखी तीन जुनी प्रकरणं आठवतात, आणि दहाला मी सुरुवातीपेक्षा जास्त कारणांनिशी तयार असतो. मग कोणीतरी म्हणालं, राग साठवू नका, उशीवर गुद्दे मारा, मोकळं वाटेल. हे मला पटलं होतं, पण २००२ साली ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाने प्रसिद्ध केलेला प्रयोग वाचनात आला. त्याने विद्यार्थ्यांना आधी निबंध लिहायला लावला आणि मग त्यावर इतका वाईट निबंध क्वचितच वाचला अशा अर्थाचा शेरा मारून परत दिला. (चिडवण्याची इतकी अचूक रीत फक्त लिहिणाऱ्यांनाच कळेल. संपादकांचं 'साभार परत' आलेलं पाकीट मी दिवसभर उघडत नाही.) मग काहींना शेरा मारणाऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणून मुष्टियुद्धाच्या पिशवीवर ठोसे मारायला सांगितलं. ठोसे मारणारे अधिकच भडकले. जे नुसते गप्प बसून राहिले, तेच त्यातल्या त्यात शांत निघाले. आमच्या घरची उशी तेव्हापासून बचावली.

बायकोचा राग मात्र वेगळ्या जातीचा. ती ओरडत नाही, माळा आवरायला काढते. परवाच्या कडाडण्यानंतर तिने वॉचमनला चहा नेऊन दिला, माझ्याशी चकार शब्द न बोलता स्टूल ओढलं आणि वर चढली. संध्याकाळपर्यंत गणपतीची जुनी मखरं, बिनझाकणाचे डबे आणि माझे कॉलेजातले कप भंगारवाल्याकडे रवाना झाले होते. निरोप मुलीमार्फत येतात. "बाबांना सांग, जेवायला वाढलंय." बाबा समोरच्याच खुर्चीत असतात. पंढरपूरला रखुमाईचं देऊळ विठोबाच्या मागे वेगळं का, तर ती द्वारकेहून रुसून दिंडीरवनात येऊन बसली अशी आख्यायिका सांगतात. देव तिची समजूत काढायला मागोमाग आला आणि तिथेच राहिला. अबोल्यात किती ताकद असते बघा, आख्खं तीर्थक्षेत्र उभं राहिलं. आरडाओरडा करून माझ्या हाती काय लागलं, तर घसा बसला.

मुलगी आता कॉलेजात आहे आणि तिने हे सगळं पाहून ठेवलंय. गेल्या रविवारी गॅसच्या नंबरावरून आम्हा नवराबायकोची जुंपली. मी "या घरात माझं ऐकतंय कोण" या ठेवणीतल्या वाक्याला हात घातला, तोच फोन वाजला. अनोळखी नंबर. मी लोण्यासारख्या आवाजात "हॅलो, नमस्कार" म्हणालो. पलीकडून एक बाई घोगऱ्या सुरात विचारू लागली, "सर, आपल्याला पर्सनल लोनची आवश्यकता आहे का?" मी अत्यंत विनयाने नको म्हणालो, आभारही मानले. "मग सर, आईशी पण याच आवाजात बोलाल का?" हा प्रश्न फोनमधून आणि आतल्या खोलीतून एकाच वेळी ऐकू आला.

मैत्रिणीचं सिमकार्ड होतं. बायको हसली, मीही हसलो, दुसरं करणार काय! गॅसचा नंबर शेवटी तिनेच लावला.

हल्ली भांडायला सुरुवात करण्यापूर्वी मी फोन सायलेंटवर टाकतो.