फिरकीमीमांसा

१. विषयप्रवेश

कर्णभूषणांचे कौतुक नेहमी कानाच्या पुढच्या बाजूने होते. कुडीचे मोती, बुगडीचा ठसका, झुमक्याचा झोका. हे सारे ऐश्वर्य मागे, केसांच्या अंधारात तोलून धरणाऱ्या फिरकीविषयी मात्र विद्वज्जन मौन पाळतात. ते मोडण्याचे निमित्त आमची भाची. ती स्वतंत्र कलाकार आहे, म्हणजे हाताने दागिने घडवते, त्यांचे लघुपट काढते आणि "स्वतंत्र म्हणजे पगार नसलेली ना?" या प्रश्नावर नुसती हसते.

२. व्याख्या

फिरवून बसवतात ती फिरकी, अशी रूढ समजूत आहे. आमच्या मते, एकदा पडली की जी पुन्हा इकडे फिरकत नाही ती फिरकी. दोन्ही व्युत्पत्तींत शब्दाचा धातू एकच. वस्तूचा धातू मात्र बहुधा पितळ, वर सोन्याचे पाणी.

३. प्रकार

(अ) मळसूत्री: आटे असलेली. ही बसेपर्यंत अक्षता पडून जातात.
(आ) दाबाची: बसते पटकन, निघतेही पटकन.
(इ) रबरी: पारदर्शक. त्यामुळे हरवण्यापूर्वीही दिसत नाही.
(ई) झाडूची काडी: हिला फिरकी म्हणावे काय, याबद्दल वाद आहे. भोक बुजू नये म्हणून ही कानात घालतात; ही कधीच हरवत नाही.

४. पतनविचार

गॅलिलिओच्या मते जड आणि हलक्या वस्तू सारख्याच वेगाने खाली येतात. मान्य. परंतु झुमका पडतो तिथेच सापडतो, याचा खुलासा त्याने केलेला नाही. आम्ही घरी प्रयोग केला. कमरेच्या उंचीवरून फरशीवर एक फिरकी टाकली. "टिंग" असा आवाज झाला आणि ती कपाटाखाली गेली. फिरकीअभावी प्रयोगाची पुनरावृत्ती करता आली नाही.

५. हस्तनिर्मितीचा प्रश्न

भाची चांदीची तार पोलादी पट्टीच्या भोकांतून ओढून बारीक करते, टाकणखार लावून डाग देते. (मराठीत डाग म्हणजे दागिना, सांधा आणि कलंकही, लग्नाच्या याद्या करताना तिन्ही अर्थ एकत्र नांदतात.) तिच्या डबीवर चिठ्ठी असते: "संपूर्ण हस्तनिर्मित". परंतु फिरक्या ती बाजारातून वजनावर आणते, हे आम्ही उघडकीस आणले.

"मामा," ती शांतपणे म्हणाली, "०.८ मिलिमीटरच्या काडीवर हाताने आटे पाडून दाखव. मग बोलू."

६. ऐतिहासिक पुरावा

१८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने मळसूत्राच्या आट्यांना एकच ठरावीक माप सुचवले. ही वार्ता आमच्या आजीच्या सोनारापर्यंत पोचली नसावी. आजीच्या कुड्यांचे आटे हाताने पाडलेले. उजवीची फिरकी डावीला बसत नाही, डावीची उजवीला नाही. त्यांतली उजवीची हरवली तेव्हापासून ती कुडी बिनकामाची झाली होती.

७. चलच्चित्र

दरम्यान भाचीने लघुपट आरंभला: हरवलेली फिरकी घरभर हिंडून आपणहून परत येते. सेकंदाला १२ छायाचित्रे, मिनिटाला ७२०; प्रत्येक छायाचित्रापूर्वी फिरकी चिमट्याने केसभर सरकवायची. तिसऱ्या दिवशी नायिका टेबलावरून पडली. कपाट हलवले, सोफा उलटा केला. तीन फिरक्या सापडल्या. नायिका सापडली नाही, आजीची नाही आणि आमच्या प्रयोगातलीही नाही. यावरून सिद्धांत: शोधलेली फिरकी सापडत नाही, सापडलेली आपली नसते.

८. उपसंहार

लघुपट तिथेच थांबला. भाचीने आजीची उजवी कुडी मागून घेतली आणि दोन दिवस भिंगाखाली बसून तिच्या आट्यांना जुळणारी फिरकी घडवली. आतले आटे हाताने पाडले. पहिल्या चार मोडल्या. पाचवी सरळ शेवटच्या आट्यापर्यंत फिरत गेली. तिच्या सगळ्या कारागिरीत खऱ्या अर्थाने संपूर्ण हस्तनिर्मित अशी ही एकच वस्तू, आणि ती कुणालाच दिसणार नाही. आम्ही तिला पैसे विचारले. ती म्हणाली, "फिरकीचे कसले पैसे?"

आता कुड्यांची जोडी पूर्ण आहे. त्यामुळे ती कुणी घालत नाही. फिरकी हरवेल म्हणून आईने दोन्ही लॉकरमध्ये ठेवल्या आहेत.