रा. रा. सेटिंगलपवे साहेब यांस

कृ. सा. न. वि. वि.

आपलं खरं नाव ठाऊक नाही, म्हणून हे ठेवून दिलं आहे. राग नसावा. फोन कुणी काढला, त्याची जाहिरात कुठल्या नटाने केली, हे घराघरांत पाठ असतं. पण उपयोगाची वस्तू नेमकी चार पडदे आत नेऊन ठेवण्याचं कसब कुणाचं, याची चौकशी कुणी करत नाही. खरं तर आपण सगळीकडे आहात. टीव्हीच्या कंपनीत आहात, ब्राउझरच्या कंपनीत आहात, बँकांच्या अ‍ॅपमध्ये तर आपला कायमचा मुक्काम दिसतो. एवढ्या सर्वसंचारी माणसाचा जाहीर सत्कार राहूनच गेला. तो या पत्राने उरकून घेतो.

आपल्या कारकिर्दीतलं भरभराटीचं वर्ष म्हणजे २०१२. त्या वर्षी सप्टेंबरात आयफोनसाठी आयओएस ६ आलं आणि त्यात जाहिरातदारांच्या पाळतीला आवर घालणारं एक बटण आलं. त्याच आवृत्तीत 'प्रायव्हसी' नावाचा नवाकोरा कप्पाही उघडला होता. एखाद्या भाबड्या माणसाला वाटलं असतं, बटण तिथेच असणार. आपण ते ठेवलंत 'जनरल'मध्ये, त्यातल्या 'अबाउट'मध्ये, सीरियल नंबर आणि मॉडेल नंबरच्या शेजारपाजारी, जिथे माणूस फोन बिघडल्याशिवाय पाऊल ठेवत नाही. शिवाय बटणाची रचना अशी, की ते बंद दिसतंय म्हणून निश्चिंत व्हावं तर पाळत चालू, आणि पाळत थांबवायची तर बटण चालू करायचं. हे ज्याला सुचलं त्याचा हात खरोखर हातात घेऊन बघावासा वाटतो.

त्यानंतर दोनच महिन्यांनी अँड्रॉइड ४.२ आलं. तोवर 'डेव्हलपर ऑप्शन्स' सेटिंग्जच्या यादीत चारचौघांसारखे उभे होते. आपण त्यांना आत घेतलंत, आणि गंमत म्हणजे इथेही दार ठेवलंत 'अबाउट'मध्येच. अबाउट फोन, काही फोनांत त्याच्याही आत सॉफ्टवेअर इन्फर्मेशन, आणि तळाशी बिल्ड नंबर. तो दिसायला बटणासारखा नाही. नुसता अक्षरांचा आणि आकड्यांचा ढीग. त्यावर सात वेळा बोट मारायचं. पहिल्या दोन वेळांना फोन ढिम्म. तिसऱ्यांदा तळाशी एक पट्टी उगवते : आणखी चार पावलं. मग तीन, दोन, एक. मधे पिन विचारला जातो, आणि अखेर फोन जाहीर करतो की आता आपण डेव्हलपर झालात. ज्याला कालपर्यंत फोनचा आवाज कमी करता येत नव्हता तोही. हौसेने आणखी एकदा बोट मारलं तर फोन समजावतो, गरज नाही, आपण आधीच डेव्हलपर आहात. (विद्यापीठांनी याचा अभ्यास करावा. इतक्या कमी खर्चात पदवी कुठेच मिळत नाही.)

आता आत काय आहे ते बघू. यादी लांबलचक आहे आणि तिच्यातला मोठा भाग खरोखरच ज्याचं त्याला कळावं असा आहे. पण मध्येच कुठेतरी तीन ओळी आहेत : विंडो अ‍ॅनिमेशन स्केल, ट्रान्झिशन अ‍ॅनिमेशन स्केल, अ‍ॅनिमेटर ड्युरेशन स्केल. तिन्हींसमोर एक हा आकडा असतो. तो अर्धा करायचा. बस्स. अ‍ॅप उघडताना पडदा फुलत, सरकत, डोलत येतो, तो समारंभ निम्म्या वेळात आटोपतो. फोनचं डोकं काही वेगाने चालू लागत नाही, नुसतं मधलं आगत-स्वागत कमी होतं. तरी तीन वर्षांचा फोन हातात घेऊन "आता हा बदलायलाच हवा, फार रेंगाळतो" म्हणणाऱ्या माणसाचं निम्मं रडगाणं तिथल्या तिथे थांबतं. माझ्या ओळखीत यावरून दोघांची दिवाळीतली खरेदी रद्द झाली. हे आपल्याला कळलं तर वाईट वाटेल, पण सांगायलाच हवं. अलीकडे आपण 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'त अ‍ॅनिमेशन सरसकट बंद करायची सोय दिलीत, त्याबद्दल आभार. अर्धवट ठेवायचं असेल तर मात्र अजून सात वेळा बोट झिजवावं लागतं.

इथे आपल्या बाजूनेही बोलतो. त्याच यादीत 'फोर्स आरटीएल लेआउट' नावाचा प्रकार आहे. उर्दू-अरबीसाठी मांडणी उजवीकडून डावीकडे कशी दिसेल ते तपासायला तो दिला आहे. शेजारच्या मुलाने तो सहज चालू केला, आणि त्याच्या आजोबांचा फोन आरशात बघितल्यासारखा उलटा झाला. मागे जायचं बटण समोरच्या बाजूला गेलं. आजोबांना वाटलं डोळ्यांचा नंबर वाढला. 'यूएसबी डीबगिंग' चालू ठेवून, संगणकाने विचारलेल्या परवानगीला होकार दिला, की त्या संगणकाला फोनवर हुकूम सोडता येतात. हे असलं उघड्यावर ठेवू नये, मान्य. प्रश्न एवढाच, की तीन निरुपद्रवी ओळी या जहाल मंडळींबरोबर एकाच कोठडीत कशाला?

कारण त्याचा दंड आम्ही भरतो. अ‍ॅनिमेशन अर्धं करून मी खुशीत होतो. वीजबिल भरायला बँकेचं अ‍ॅप उघडलं, तर समोर लाल अक्षरं. सुरक्षेच्या कारणास्तव, डेव्हलपर ऑप्शन्स चालू असलेल्या फोनवर ही सेवा मिळणार नाही. डीबगिंग बंदच होतं. अ‍ॅपला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं, मुख्य कळ चालू दिसली एवढं पुरे. म्हणजे फोन म्हणतो डेव्हलपर झालात, अभिनंदन; आणि बँक म्हणते, अस्सं, मग पैशांना हात लावायचा नाही. कळ बंद केली, बिल भरलं, आणि माझ्या फोनवर त्या तीनही ओळी मुकाट्याने पुन्हा एकवर जाऊन बसल्या. आता बिल भरायचं की फोन पळवायचा, यातलं एकच काहीतरी. बँकेतले आपण आणि फोनमधले आपण, साहेब, एकदा एकमेकांशी बोलून घ्या.

संगणकावरचं आपलं काम त्या मानाने दिलदार. फायरफॉक्समध्ये about:config ही अक्षरं टाइप केली की पूर्वी एक इशारा यायचा, याने तुमची वॉरंटी रद्द होऊ शकते. फायरफॉक्स फुकट आहे, वॉरंटी कसली? खालच्या बटणावर मजकूर होता की मी जपून वागेन, शब्द देतो. पुढे हा विनोद काढून टाकला गेला आणि तिथे रुक्ष सावधगिरीची सूचना आली. विंडोज ७ मध्ये तर एका फोल्डरला नावापुढे महिरपी कंसात बत्तीस अक्षर-अंकांची किल्ली जोडून दिली, की दोनशेहून जास्त सेटिंग्ज एकाच यादीत समोर यायची. २०१० च्या सुरुवातीला याचा बोभाटा झाला आणि लोकांनी त्याचं नाव 'गॉडमोड' ठेवलं. सगळं एका जागी मांडता येत होतं, मांडलेलंही होतं, फक्त दाराला बत्तीस आकडी कुलूप होतं.

टीव्हीवर मात्र आपण कमालच केलीत. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. टीव्ही त्या चोवीसांच्या मधे स्वतःच्या मनाने आणखी चित्रं घालतो, म्हणजे हालचाल गुळगुळीत दिसावी. क्रिकेटला ते शोभतं. सिनेमाला घातलं की कोट्यवधींचं छायाचित्रण दुपारच्या मालिकेसारखं दिसू लागतं. नट मेकअप करून सेटवर उभे आहेत हे लख्ख कळतं. टीव्ही नवा घेतल्यावर घरोघरी हाच संवाद ऐकू येतो. "चित्र झकास आहे, पण काहीतरी विचित्र वाटतंय." ते काहीतरी म्हणजे हेच, आणि ते कारखान्यातूनच चालू होऊन येतं. बंद करायला निघावं तर कुणाकडे त्याचं नाव ट्रूमोशन, कुणाकडे मोशनफ्लो, कुणाकडे ऑटो मोशन प्लस. नावं वेगळी ठेवल्यामुळे एका घरातला शहाणा दुसऱ्या घरात उपयोगी पडत नाही, ही योजना खास. पिक्चर, मग अ‍ॅडव्हान्स्ड किंवा एक्स्पर्ट, मग क्लॅरिटी, आणि तिथे कुठेतरी. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वारी यांनी 'टॉप गन : मॅव्हरिक'च्या सेटवरून व्हिडिओ काढून लोकांना विनवलं, की बाबांनो, घरी जाऊन हे एवढं बंद करा. विमानाला बाहेरून लटकणारा माणूस एका मेनूपुढे हात टेकतो, यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र आपल्याला कोण देणार? पुढच्या वर्षी 'फिल्ममेकर मोड' जाहीर झाला, जो हे सगळं एका फटक्यात बंद करतो. ज्या टीव्हीत तो आहे, तिथे तो शोधून चालू करायचं काम अर्थातच आमच्याकडे आहे.

आता थोडं स्पष्ट बोलतो. आपल्याला सगळंच लपवता येतं असं नाही. नोटिफिकेशनला होकार द्यायचं बटण निळं, ठसठशीत, अंगठ्याखाली येईल असं असतं. 'आता नको' करड्या रंगात, चष्मा शोधायला लावेल एवढं. संपर्क यादी द्यायची तर एक टॅप. दिलेली परत घ्यायची तर अर्धी सुट्टी. आपला लाजाळूपणा फार निवडक आहे.

त्याचा पुरावाही आपल्याच दप्तरात आहे. २०१२ मध्ये 'अबाउट'च्या तळाशी पुरलेला तो पाळतीचा प्रश्न एप्रिल २०२१ मध्ये, आयओएस १४.५ मध्ये, दुसऱ्या रूपात बाहेर काढला गेला. ज्याला माग काढायचा आहे त्या प्रत्येक अ‍ॅपने समोर उभं राहून विचारायचं, काढू का? लोकांनी धडाधड नाही म्हटलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये फेसबुकवाल्या मेटाने सांगितलं, की यामुळे त्या एका वर्षात अंदाजे १० अब्ज डॉलरचा फटका बसेल. आधी आतल्या खोलीत होता, मग दारात आणला, एवढाच बदल. आपल्या खात्याची किंमत इतक्या ठसठशीत आकड्यात याआधी कुणी काढली नसेल. (दारात आणणाऱ्या कंपनीचाही स्वतःचा जाहिरातीचा धंदा आहे. पण ते असो.)

गूगलचं तर आपल्याला माहीतच असेल. २०१८ मध्ये असोसिएटेड प्रेसने दाखवून दिलं, की 'लोकेशन हिस्टरी' बंद केली तरी ठावठिकाणा नोंदला जात होता. कारण खरी कळ 'वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी' नावाच्या दुसऱ्याच कप्प्यात होती. याच प्रकरणी नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ४० राज्यांशी ३९ कोटी १५ लाख डॉलरवर तडजोड झाली.

आमच्याकडचं दुखणं साधं आहे. ज्याच्याकडे नंबर आहे तो कुणीही आम्हाला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये ओढू शकतो, हे अडवण्याची सोय एप्रिल २०१९ मध्ये आली, लोकसभेच्या पहिल्या मतदानाला आठवडा उरलेला असताना. सोय आली, पण मूळ उत्तर 'एव्हरीवन' हेच राहिलं. सेटिंग्ज, प्रायव्हसी, ग्रुप्स, तिथे 'माय कॉन्टॅक्ट्स'. एवढी वाट न सापडलेले लोक आजही प्लॉट विकणारे, शेअरबाजाराचे गुरू आणि प्रभागातले इच्छुक यांच्या ग्रुपांत सकाळी उठतात.

आणि आपण लपवलेलं सगळ्यांनाच सापडत नाही असंही नाही. चोरांना सापडतं. फोन यायचा, कंपनीतून बोलतोय, तुमचं सिम बंद पडणार आहे, *४०१* आणि पुढे हा नंबर दाबा. दाबला की आमचे सगळे कॉल त्याच्याकडे वळायचे, त्यात ओटीपी सांगणारा कॉलही आला. कॉल वळवण्याचा हा कोड किती गिऱ्हाइकांना माहीत होता? भामट्यांना तोंडपाठ होता. शेवटी दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून कोड दाबून कॉल वळवण्याची ही पद्धतच बंद करायला लावली.

३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न'चे १३ प्रकार काढून ते निषिद्ध ठरवले, हे आपल्या वाचनात आलंच असेल. एक पर्याय ठळक करायचा आणि दुसरा दिसेनासा करायचा, हा त्यातलाच एक प्रकार. सरकारी कागदावर आपला इतका नेमका गौरव झाला आणि आपण पार्टीसुद्धा दिली नाहीत.

आमची मागणी मोठी नाही. सगळं उघड्यावर मांडा असं कुणी म्हणत नाही. आजोबांच्या फोनचं काय झालं ते वर सांगितलंच. एखादी गोष्ट चालू करायला जितक्या टॅप लागतात तितक्यांतच ती बंद व्हावी. प्रत्येक नव्या अपडेटमध्ये बटणांची जागा बदलण्याचा छंद आवरावा. आणि कुठल्या तरी यंत्रात एकदा, प्रयोग म्हणून का होईना, मूळ उत्तर आमच्या सोयीचं ठेवून बघावं. कंपनी बुडाली तर आम्ही जबाबदार.

कळावे, लोभ आहेच, तो वाढवण्यासाठी वेगळी परवानगी मागू नये.

आपला,
एक गिऱ्हाईक

ता. क. : या पत्राला पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास वरच्या तिन्ही गोष्टींना आपली संमती आहे असं धरलं जाईल. नकार कळवण्याची सोय या पत्रातच केलेली आहे.