पाचशे चौरस इंच गुलाबी

सिंहगडावर दर रविवारी जाणाऱ्या मंडळींत प्रस्तुत लेखकाला मान आहे. तो चढण्याबद्दल नसून वर पोहोचल्यावर रिचवलेल्या पिठलं-भाकरीबद्दल आहे, हे डेन्व्हरच्या भाच्याला ठाऊक नव्हतं. "मामा, ऑक्टोबरात एल्कच्या शिकारीला चाललोय. तुम्ही नुसतं बघायचं," एवढंच तो म्हणाला. नुसतं बघण्यात लेखकाचा हात धरणारा कुणी नाही.

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ. भारतात १९७२च्या कायद्याखाली शिकार बंद. कोलोरॅडोत ती परवान्याने चालते, आणि १ जानेवारी १९४९ला किंवा नंतर जन्मलेल्याला आधी सुरक्षिततेचा वर्ग पास करावा लागतो. रायफलच्या हंगामात अंगावर किमान पाचशे चौरस इंच झगझगीत नारिंगी कापड हवं, वर तशीच टोपी. हरणांना हा रंग आपल्यासारखा दिसत नाही, बंदूकवाल्यांना मात्र लांबून दिसतो. २०१६पासून झगझगीत गुलाबीही चालतो. भाच्याने मामासाठी गुलाबी आणला.

मुक्काम फ्लॅट टॉप्सच्या रानात. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर, इथला तंबूच २,९००च्या आसपास.

टोळीचे म्होरके भाच्याचे शेजारी: सत्तरीचे, रांचवर वाढलेले, दिवसाला दहा शब्द बोलणारे. त्यांना आपण म्हातारबा म्हणू. पहिल्या संध्याकाळी त्यांनी आठवड्याभराचे शब्द एकदम खर्च केले. बंदूक रिकामी असली तरी भरलेलीच समजायची. नळी माणसाकडे नाही. मागे काय आहे ते दिसल्याशिवाय गोळी नाही. दाखला म्हणून डिक चेनी. २००६ साली टेक्सासात पक्ष्यांच्या शिकारीत अमेरिकेच्या या तत्कालीन उपाध्यक्षांनी हॅरी व्हिटिंग्टन या ७८ वर्षांच्या वकिलावर छर्रे झाडले. वकील वाचले, आणि इस्पितळातून बाहेर येताच चेनी कुटुंबाला झालेल्या त्रासाबद्दल त्यांनीच खेद व्यक्त केला. छर्रेही आपणच खायचे आणि दिलगिरीही आपणच!

मग सामानाची झडती. म्हातारबा प्रत्येक कापड चिमटीत धरून बघत होते. सुती ते सगळं बाद: जीन्स, लेंगा, मोजे. ओलं सूत वाळत नाही, अंगातली ऊब ओढून घेतं. लोकरीचं कापड भिजलं तरी थोडीफार ऊब राखतं. अंगातली बनियन तेवढी झडतीतून सुटली.

पहाटे लेखक गुलाबी वेशात प्रातर्विधीला निघाले. ओढ्यातल्या दगडावर बर्फाचा पातळ पापुद्रा होता. पुढचं सांगण्यासारखं नाही. छातीपर्यंत पाणी होतं.

तंबूत परतल्यावर लेखकांनी थरथरत सिंहगडाचा इतिहास सुरू केला. जीभ अडखळत होती, तानाजीत मधेच पिठलं येत होतं. भाच्याला यात नवीन काही वाटलं नाही. म्हातारबा मात्र लेखकांच्या बोटांकडे बघत होते. ती शर्टाच्या एकाच बटणाशी केव्हाची झटत होती. त्यांनी उठून चाकू काढला. लेखकांना वाटलं, इतिहास फारच लांबला. चाकूने बनियन उभी कापली.

मग कोरडे कपडे, म्हातारबांचीच झोपायची पिशवी आणि गरम साखरपाणी. लेखकांनी ब्रँडीचा विषय काढून पाहिला. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात आणि उरलीसुरली ऊब बाहेर जाते, असं उत्तर मिळालं. हातपाय चोळायलाही मनाई. थरथर चालू आहे तोवर ठीक. ऊब न येताच ती थांबली तर मदत मागवायला उपग्रहयंत्राचं लाल बटण. तिथे फोनला रेंज नाही आणि रानात मोटारी न्यायला बंदी आहे.

लेखकांना कप धरवेना. तेव्हा तो म्हातारबांनी धरला, प्रत्येक घोटाआधी फुंकर घालत. त्यांचा परवाना मोजक्या दिवसांचा, आणि ती हंगामाची पहिली सकाळ होती. दूरवर कुणाची तरी बंदूक वाजली. त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही.

लाल बटण दाबलं की धावून कोण येतं? कोलोरॅडोत रानात अडकलेल्याला शोधणं ही शेरीफची जबाबदारी. प्रत्यक्ष डोंगरात उतरतात ते बहुतेक बिनपगारी स्वयंसेवक. शिकारीच्या परवान्यामागे थोडे पैसे त्यांच्या निधीत जातात, आणि त्यातून पथकांचा खर्च भरून मिळतो. हा विमा नव्हे. बनियन त्यात बसत नाही.